विश्लेषण : धातूखनिजाचे वय कसे कळते? खडकांना ‘घड्याळ’ देणारे आर्थर होम्स

पनवेल परिसरातील काळ्या पाषाणात काही ठिकाणी उभ्या भिंतीसारखे खडक दिसतात. जुन्या थरांच्या भेगांत शिलारस घुसून थिजला आणि हे ‘डाइक’ तयार झाले. घुसलेला खडक आजूबाजूच्या थरांपेक्षा तरुण, हे पाहूनच कळते. पण तो किती वर्षांचा? याचे उत्तर आकड्यांत देण्याची पद्धत रुजवली ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांनी.

सुरुवात कशी झाली?
होम्स यांचा जन्म १८९०चा, ईशान्य इंग्लंडमधला. युरेनियमचे ठरावीक वेगाने शिसे होते, हे त्यांच्या विद्यार्थीदशेत नुकतेच समजले होते. खनिजात युरेनियम किती उरले आणि शिसे किती साचले, हे मोजले की वय निघते. १९११ मध्ये, अवघ्या २१व्या वर्षी, त्यांनी नॉर्वेतील एका अग्निजन्य खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढले. तेव्हा अनेक भूवैज्ञानिक पृथ्वीचेच वय १० कोटींच्या आसपास मानत.

वाट सोपी होती का?
नाही. पैशांच्या चणचणीमुळे ते त्याच वर्षी खनिजे शोधायला मोझांबिकला गेले आणि मलेरिया घेऊन परतले. १९२० मध्ये ब्रह्मदेशातील तेल कंपनीत नोकरी धरली. तिथे लहानगा मुलगा आजाराने दगावला, कंपनीही बुडाली. अखेर १९२४ मध्ये डरहॅम विद्यापीठाने त्यांना बोलावले.

धातूंशी संबंध काय?
शिलारस थंड होताना त्यातील तप्त द्रव धातू घेऊन भेगांत शिरतात. खनिजाचे आणि शेजारच्या ग्रॅनाइटचे वय जुळले, तर दोन्ही एकाच घडामोडीतून आल्याची शक्यता बळावते. खनिज कुठे शोधायचे, याची दिशा मिळते. वय जुळले नाही, तर उगम दुसरीकडे शोधावा लागतो.

१९४६ मध्ये होम्स यांनी शिशाच्या खनिजांवरून पृथ्वीचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे काढले. पुढे १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांच्या आधारे ते ४५५ कोटींवर नेले.

भारताशी नाते काय?
राजस्थानातील पेग्मटाइट हाही घुसलेल्या शिलारसापासून बनलेला खडक. त्यातील युरेनियमयुक्त खनिजाचे वय होम्स यांनी सुमारे ७३.५ कोटी वर्षे ठरवले.

होम्स १९६५ मध्ये गेले. दख्खनच्या पाषाणासाठी आज पोटॅशियमपासून बनणारा आर्गॉन वायू मोजतात. त्यावरून या पाषाणाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे निघते. मूलद्रव्य बदलले, तत्त्व तेच राहिले.