मुक्तीच्या शोधात पंडिता रमाबाई

वाचकहो, धर्मांतर करणाऱ्याला लोक एकच प्रश्न विचारतात: काय मिळाले? पंडिता रमाबाईंना तो उभ्या महाराष्ट्राने विचारला. त्यांनी मागितले काय होते, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. त्यांना मुक्ती हवी होती. नवऱ्याच्या पुण्याईने मिळणारी नव्हे, स्वतःची.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले, आणि आईने ते रमेला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. पाप फिटावे, पुढची गती चांगली व्हावी म्हणून जवळचा पैसा देवांना आणि ब्राह्मणभोजनांना गेला. १८७४ च्या सुमारास दुष्काळ आला. मजुरी करणे जातीला कमीपणाचे! झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. आईच्या प्रेताला खांदेकरी पुरेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ, चौथी रमा. उंची कमी, म्हणून तिने आपला भार डोक्यावर घेतला आणि तशीच ती तीन मैल चालली. एवढ्या पुण्याचे हे फळ!

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या देऊन तिचा गौरव केला आणि पडद्यातील बायकांना स्त्रीधर्म सांगण्याची विनंती केली. त्यासाठी तिने धर्मशास्त्रे उघडली. ग्रंथांचे आपसांत पटत नव्हते, पण दोन गोष्टींवर सर्वांचे एकमत होते. स्त्री, उच्च जातीची असो वा नीच, जात्याच वाईट. आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही. तिचा देव तिचा नवरा. शूद्रालाही तीच वाट बंद. ज्यांनी पदवी दिली, त्यांच्याच पोथीत पंडितेला मोक्षाचे दार नव्हते!

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली शूद्र वकिलाशी नोंदणी विवाह केला. १८८२ साली तेही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या.

तेथे फुलहॅमला त्यांनी पाहिले की ख्रिस्ती जोगिणी 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना जवळ घेतात. असे का, हे विचारल्यावर एकीने त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात बाटली, बाटली म्हणून ओरड झाली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

आता नीट लक्ष द्या. रमाबाईंचा शोध बाप्तिस्म्याने संपला नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या वाँटेजच्या जोगिणींशी वाद घालीत राहिल्या. ब्राह्मणांचे जोखड उतरवले ते पाद्र्यांचे घालण्यासाठी नव्हे, हे त्यांनी स्पष्ट बजावले. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचून त्यांना कळले की आपण ख्रिस्ताचा धर्म घेतला, ख्रिस्त राहूनच गेला. बाप्तिस्मा, प्रार्थना, सत्कर्मे यांच्या जोरावर कोणी स्वर्गात जात नाही, असे हे मत सांगते. माणूस पापी, त्याचे पाप येशूने वधस्तंभावर आपल्या अंगावर घेतले, जो पश्चात्ताप करून त्याच्यावर विश्वास ठेवील त्याला तारण फुकट मिळते. मोक्षदाता आणि मार्गदाता यांतला भेद तुम्ही जाणता, तेव्हा हे मत तुम्हाला पटणार नाही. पण तीर्थे करकरून उपाशी मेलेल्यांच्या लेकीला 'फुकट' हा शब्द कसा वाटला असेल? या तारणाला जात नव्हती, नवरा लागत नव्हता.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, आणि पुढे ते पुण्यास नेले. तेथे मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तशी १८९३ साली खळबळ उडाली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींवर त्यांनी आपल्या श्रद्धेचा भार टाकला का, हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. रमाबाई मात्र हटल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुलीबायका आणल्या आणि केडगावला ठेवल्या. त्या जागेला नाव दिले 'मुक्ती'.

उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून संस्कृत शब्द टाळून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. मुक्तीतल्या बायकाच छापखान्यात खिळे जुळवीत. १९२१ साली मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते.