हॅरॉल्ड हार्ट मॅन

डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन (१८७२ – १९६१) हे ब्रिटिश कृषिरसायनशास्त्रज्ञ व ग्रामीण अर्थव्यवहाराचे अभ्यासक होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक म्हणून त्यांनी काम केले. पुणे जिल्ह्यातील पिंपळे सौदागर (हवेली तालुका) आणि जातेगाव बुद्रुक (शिरूर तालुका) या दोन गावांची त्यांनी केलेली घरोघरची पाहणी भारतातील ग्राम-अभ्यासाच्या इतिहासात मूलभूत मानली जाते. पावसाच्या दृष्टीने सर्वसाधारण असलेल्या वर्षीही दख्खनमधील बहुसंख्य शेतकरी कुटुंबांचा निर्वाह जमिनीवर होत नाही, हे त्यांनी आकडेवारीने दाखवून दिले.

पूर्वायुष्य

मॅन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजात आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे शिक्षण झाले. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीत काही काळ संशोधन-साहाय्यक म्हणून काम केल्यावर १९०० साली ते इंडियन टी असोसिएशनचे वैज्ञानिक अधिकारी म्हणून भारतात आले. चहाच्या मळ्यांतील माती, कीड व रोग यांवर त्यांनी संशोधन केले. सर जॉर्ज वॉट यांच्यासमवेत लिहिलेला चहाच्या झाडावरील कीड-रोगांचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला.

सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील दारिद्र्याची घरोघर जाऊन पाहणी केली होती. तीच पद्धत मॅन यांनी बेडफर्डशायरमधील रिजमाउंट या शेतीप्रधान खेड्याला लावली. कुटुंबाची मिळकत आणि किमान गरजा यांचा ताळा घालण्याची ही रीत त्यांनी पुढे पुणे जिल्ह्यात वापरली.

पुण्यातील कार्य

१९०७ साली मॅन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. माती आणि पाणी हा त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय होता. नीरा डाव्या कालव्याखालील बागाईत क्षेत्रात पाटपाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे चांगल्या जमिनी खारवट व चोपण होऊ लागल्या होत्या. व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह मॅन यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली अहवाल प्रसिद्ध केला. पाणी आले म्हणजे शेतीचा प्रश्न सुटला, असे होत नाही, हे त्यातून पुढे आले. नीरेच्या या पट्ट्याला लागून असलेल्या दौंड तालुक्यात मुठा उजव्या कालव्याचे पाणी पोहोचते. त्यामुळे ऊस व पाटपाण्याच्या त्या टापूलाही हा प्रश्न परका नाही.

शेतीबरोबरच समाजस्थितीकडेही त्यांचे लक्ष होते. पुणे शहरातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांच्या स्थितीवर त्यांनी १९१२ साली निबंध प्रसिद्ध केला.

पिंपळे सौदागरची पाहणी

दख्खनमधील जमीन आणि श्रम या विषयावरील मॅन यांचा पहिला ग्रंथ १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ग्रंथमालेत निघाला. जुन्या दप्तरांच्या आधारे त्यांनी गावातील सरासरी धारणक्षेत्र कसे घटत गेले ते दाखविले. १७७१ साली ते ४० एकर होते, १८१८ साली साडेसतरा एकर झाले आणि १९१४–१५ साली ७ एकरांवर आले. त्या वेळी ८१ टक्के धारणे १० एकरांहून कमी, तर ६० टक्के धारणे ५ एकरांहून कमी होती.

याहून गंभीर बाब जमिनीच्या विखुरण्याची होती. वाटणीच्या वेळी प्रत्येक भाऊ प्रत्येक प्रतीच्या जमिनीत आपला हिस्सा घेई. त्यामुळे एकाच कुटुंबाची जमीन शिवारभर लहान तुकड्यांत पसरे. अशा तुकड्यावर विहीर खणणे परवडत नसे, बांधांत जमीन जाई आणि बैल, अवजारे व माणसे यांची ये-जा वाढे.

मॅन यांनी कुटुंबांचे तीन वर्ग केले: केवळ जमिनीवर निर्वाह होणारी, बाहेरच्या मजुरीच्या जोडीने निर्वाह होणारी आणि दोन्ही मिळूनही न भागणारी. गावातील अनेकांना खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम मिळत होते. तरीही सुमारे दोनतृतीयांश कुटुंबे तिसऱ्या वर्गात मोडली.

जातेगाव बुद्रुकची पाहणी

पिंपळे सौदागर हे पुण्यालगतचे आणि शहरी मजुरीचा आधार असलेले गाव असल्याने त्याच्यावरून साऱ्या दख्खनविषयी निष्कर्ष काढता येत नव्हता. म्हणून शहरापासून दूर व कमी पावसाच्या टापूतील जातेगाव बुद्रुक निवडण्यात आले. एन. व्ही. कानिटकर यांच्यासह केलेली ही पाहणी १९२१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

शिरूर हा पर्जन्यछायेतील तालुका असून तेथील जिराईत शेती ज्वारी-बाजरीवर अवलंबून होती. १८७५ साली भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सुरू झालेल्या सावकारविरोधी उठावाचे लोण शिरूर तालुक्यातही पसरले होते. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पण कर्जाचा प्रश्न संपला नाही. जातेगावात सुमारे ८५ टक्के कुटुंबे तिसऱ्या वर्गात असल्याचे आढळले. जवळपास कारखाना नसल्याने उत्पन्नाची तूट मजुरीने भरून निघत नव्हती. ती कर्जाने भागविली जाई आणि व्याजामुळे पुढील वर्षीची तूट वाढे. अशा कुटुंबाला सुधारित बियाणे वा खत सुचविले, तरी ते घेण्यास त्याच्याजवळ भांडवल नसे. हा निष्कर्ष शेतकी खात्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मांडलेला असल्याने त्याला विशेष महत्त्व आले.

उत्तरायुष्य

शेतकी संचालकपदावरून मॅन १९२७ साली निवृत्त झाले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी वोबर्न येथील कृषी प्रयोगक्षेत्रावर दीर्घकाळ संशोधन केले. दख्खनशी त्यांचा संबंध मात्र तुटला नाही. मुंबई दख्खनमधील १८६५ ते १९३८ या काळातील पाऊस आणि दुष्काळ यांवरील त्यांचा ग्रंथ १९५५ साली भारतीय कृषी अर्थशास्त्र संस्थेने मुंबईत प्रसिद्ध केला.

प्रभाव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात पिंपळे सौदागरच्या आकडेवारीची दखल घेतली. केवळ जमिनीचे एकत्रीकरण पुरेसे नसून शेतीवरील अतिरिक्त श्रमशक्तीला उद्योगांत सामावून घ्यावे लागेल, असे प्रतिपादन त्यांनी केले. लहान धारणांविषयीचे विधेयक १९२७ साली मुंबई विधिमंडळात आले, पण विरोधामुळे ते मंजूर होऊ शकले नाही. पुढे १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा झाला. सहलेखक कानिटकर यांनी कोरडवाहू शेतीवर संशोधन केले व त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४४ साली निघाला.

मॅन यांच्या विखुरलेल्या लेखांचा संग्रह डॅनियल थॉर्नर यांनी संपादित करून १९६७ साली प्रसिद्ध केला. पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड शहराचा भाग असून तेथील शिवारात वसाहती उभ्या आहेत. एक शतकापूर्वी ती जमीन कोणाकडे, किती व कशी होती, याची तपशीलवार नोंद मॅन यांच्या ग्रंथात सापडते.