गोठ्यात जाऊन कृत्रिम रेतन ही पद्धत रुजवणारे मणिभाई देसाई कोण होते? जाणून घ्या

पेण असो वा रोहा, गाय माजावर आली की अनेक पशुपालक आज थेट फोन लावतात आणि कृत्रिम रेतन गोठ्यातच होतं. ही सेवा महाराष्ट्राच्या खेड्यांत रुजवणाऱ्यांमध्ये एक नाव ठळक आहे, ते म्हणजे मणिभाई देसाई. विशेष म्हणजे ते स्वतः पशुवैद्य नव्हते.

सुरतहून उरुळी कांचनला

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी झाला. १९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनात त्यांनी उडी घेतली. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांप्रमाणेच तेही गांधीजींच्या सहवासात घडले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. त्याची जबाबदारी मणिभाईंवर आली. ते पुन्हा माघारी गेलेच नाहीत.

गायच का?

माणसं आजारी पडतात त्यामागे गरिबी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आश्रमात गीर गायी पाळल्या, निवड आणि संगोपनावर भर दिला. १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. जर्सी आणि होल्स्टिन फ्रिजियन वळूंच्या रेतमात्रा वापरून गावठी गायींपासून संकरित कालवडी तयार करायच्या आणि त्यासाठी गाय दवाखान्यात न आणता सेवाच गोठ्यात न्यायची, ही त्यांची दिशा होती.

दारात सेवा का महत्त्वाची?

गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावं, असा साधा नियम आहे. वेळ हुकली की तीन आठवडे वाया. तेवढा काळ भाकड गाय पोसावी लागते. त्यात गायीला काही कोस चालवत नेलं तर वेळही जातो आणि जनावरही दमतं. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या रेतमात्रा गावोगाव नेता येऊ लागल्या आणि हे गणित बदललं.

मग टीका कशावर?

संकरित गायीला जास्त चारा, पाणी, सावली लागते. दमट हवा, गोचीड आणि भाताच्या पेंढ्यावरचा आहार अशा कोकणातल्या स्थितीत विदेशी रक्ताचं प्रमाण जास्त असलेली गाय लवकर थकते. बिनवशिंडाच्या बैलाला शेतकरी औताला फारसं पसंत करत नाहीत. शिवाय सरसकट संकरामुळे स्थानिक गोवंश घटण्याची भीती असते. म्हणूनच आज कोकण कपिलासारख्या देशी गोवंशाच्या जतनावरही भर दिला जातो. कुठल्या गायीला कुठल्या वळूची रेतमात्रा द्यायची, हे पशुवैद्याला विचारूनच ठरवणं पशुपालकाच्या फायद्याचं आहे.

सन्मान आणि वारसा

मणिभाईंना १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचं निधन झालं. 'बाएफ'चं काम आज अनेक राज्यांत सुरू आहे. रेतन केल्यापासून जन्मलेली कालवड स्वतः दूध देईपर्यंत साडेतीन वर्षांच्या आसपास जातात. इतका धीर धरायला गरीब शेतकऱ्याला तयार करणं, हेच मणिभाईंचं खरं मोठं काम होतं.