खेचराचा बाप : सॅम्युअल क्रॉम्प्टन

मशीनचं नाव 'म्यूल', म्हणजे चक्क खेचर! व्हायवाला हे नाव निघालं की हसू आवरत नाही. पण ते बनवणाऱ्याची गोष्ट काही तितकी हसण्यासारखी नाही, मित्रांनो.

क्रॉम्प्टनचा जन्म १७५३ चा, इंग्लंडमधल्या बोल्टनजवळचा. वडील लहानपणीच गेले. आई कडक शिस्तीची. पोराला हारग्रीव्ह्जच्या जेनीवर सूत कातायला बसवलं, आणि धागा सारखा तुटायचा. जोडा, पुन्हा तुटला, पुन्हा जोडा...

पेळू ओढून बारीक करायचा आणि त्याला पीळही द्यायचा, यातच सारी गोम. जेनीचं सूत मऊ पण कमजोर, ताण्याला चालत नसे. आर्कराइटच्या वॉटर फ्रेमचं सूत दणकट, पण जाडंभरडं. भारतातून जाणाऱ्या मलमलीसारखं तलम कापड विणायचं तर दोन्ही बाद! क्रॉम्प्टनने आर्कराइटचे रोलर घेतले, जेनीची सरकती गाडी घेतली आणि चात्या त्या गाडीवरच बसवल्या. रोलरमधून पेळू सुटतो, गाडी मागे जाते, चात्या फिरत पीळ देतात. परत येताना सूत चातीवर गुंडाळलं जातं. गंमत म्हणजे जाड भागात पीळ कमी बसतो, म्हणून ओढताना तोच जास्त ताणला जातो आणि सूत एकसारखं निघतं. दोन जातींचा संकर, म्हणून खेचर.

याला पाच वर्षं लागली, १७७४ ते १७७९. खर्चासाठी पठ्ठ्या बोल्टनच्या थिएटरात व्हायोलिन वाजवायचा. यंत्रं फोडणाऱ्यांची दंगल झाली तेव्हा मशीन सुटं करून माळ्यावर लपवलं.

एवढं तलम सूत येतं कुठून, हे बघायला लोक शिड्या लावून खिडकीतून डोकावू लागले. पेटंट घ्यायला पैसे नव्हते. कारखानदारांनी वर्गणी देऊ म्हणून सह्या केल्या, याने विश्वासाने मशीन खुलं केलं. हातात पडले जेमतेम ६० पौंड! काहींनी तर सही करूनही दमडी दिली नाही.

१८११ मध्ये तो स्वतः गिरण्या हिंडून चात्या मोजत बसला. म्यूलच्या चात्या भरल्या ४० लाखांच्या वर. १८१२ मध्ये पार्लमेंटने ५,००० पौंड दिले, तेही धंद्यात बुडाले. पुढे मित्रांनी करून दिलेल्या वर्षासनावर दिवस काढत १८२७ मध्ये तो गेला. बोल्टनमध्ये त्याचा पुतळा १८६२ साली उभा राहिला, तोसुद्धा वर्गणीतूनच.