बर्फातल्या द्राक्षांचा जमीनदार

घरापुढची पिढीजात बाग स्वतः उभे राहून मोडून टाकणारा माणूस आपल्याकडे वेडात काढला गेला असता. जपानमध्येही त्याची गत फारशी वेगळी झाली नाही. १८९० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कावाकामी झेनबेई नावाच्या तरुण जमीनदाराने आपल्या वाड्यापुढची शोभेची झाडे काढायला लावली आणि त्या जागेवर द्राक्षाचे वेल लावले. (जपानी माणूस आडनाव आधी सांगतो, तेव्हा कावाकामी हे आडनाव.) जपानी बाग म्हणजे नुसती फुलझाडे नव्हेत. एकेक दगड, एकेक पाइनचे झाड पिढ्यान् पिढ्या जपलेले असते. आपल्याकडे कुणी वाड्यापुढचे तुळशीवृंदावन आणि आजोबांनी लावलेला आंबा एकाच दिवशी काढावा, तसा हा प्रकार. गावाने काय म्हटले असेल याची कल्पना बोदवडच्या माणसाला सहज करता येईल. गावे सगळीकडे सारखीच असतात.

या गृहस्थाशी माझी ओळख कशी झाली, ते सांगितले पाहिजे. माझा एक भाचा नोकरीनिमित्त जपानला असतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक पांढऱ्या वाइनची, एक तांबड्या. आमच्या घरात बाटली म्हणजे द्राक्षासवाची, तीही वैद्यांनी सांगितली तर. त्यामुळे थोडी कुजबुज झाली. पण द्राक्षासव तरी दुसरे काय असते? द्राक्षे, गूळ आणि धायटीची फुले घालून आंबवलेला रसच तो. एवढा युक्तिवाद केल्यावर घरच्यांनी दोन स्टीलच्या वाट्या पुढे केल्या आणि स्वतः लांब जाऊन बसल्या.

जपान म्हणजे तांदळाची दारू एवढेच मला ठाऊक होते. तिकडे द्राक्षाचीही वाइन होते, ही माझ्यासाठी बातमीच होती. पांढरी वाइन कोशू नावाच्या द्राक्षाची. पाण्यासारखी फिकी आणि चवीला सौम्य, किंचित लिंबाच्या सालीची आठवण देणारी. यामानाशी प्रांतात हे द्राक्ष शतकानुशतके आहे. ते युरोपातल्या द्राक्षाच्याच कुळातले, पण त्यात चीनमधल्या रानवेलीचा थोडा अंश मिसळलेला आहे, असे जनुकांच्या तपासणीत निघाले. म्हणजे रेशीम गेले त्याच वाटेने पूर्वेकडे आलेला हा पाहुणा असावा. तांबड्या बाटलीची गोष्ट वेगळी होती. तिला स्ट्रॉबेरीचा स्पष्ट वास येत होता. लहानपणी किराणा दुकानातल्या बरणीतून मिळणाऱ्या गोळीसारखा. हे द्राक्ष कुठले, म्हणून विचारत गेलो आणि कावाकामींपर्यंत पोचलो. त्या द्राक्षाचे नाव मस्कट बेली ए. ते निसर्गात नव्हते. या माणसाने ते घडवले.

कावाकामींचा जन्म १८६८ चा. जपानमध्ये शोगुनांची सत्ता संपून मेइजी सम्राटाचे राज्य सुरू झाले, ते हेच वर्ष. गाव एचिगो प्रांतातले, आजच्या निईगाता राज्यातल्या जोएत्सू शहराच्या हद्दीतले. जवळचे मोठे गाव ताकादा. घराणे बड्या जमीनदारांचे. वडील लवकर गेले आणि पोरवयातच तो घराण्याचा कर्ता झाला. आपल्याकडच्या इनामदाराच्या पोराने अशा वेळी काय केले असते ते सोडून द्या. या मुलाचे लक्ष मात्र कुळांकडे गेले.

एचिगो हा भाताचा मुलूख, आणि भात हेच एकमेव पीक. जपानच्या समुद्रावरून येणारे वारे हिवाळ्यात इथे एवढा बर्फ टाकतात की घरांचे तळमजले गाडले जातात. वसंतात तो बर्फ वितळून नद्यांना पूर येतो. एखाद्या वर्षी भात बुडाले की कुळांच्या हाती काहीच उरत नसे. हिवाळ्याचे महिने तर रिकामेच. आमच्या बोदवडला बर्फ नाही, उलट मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पण एका पिकावर सगळा डाव लावून आकाशाकडे बघत बसणे म्हणजे काय, हे कापूस लावणाऱ्या आमच्या भागाला कुणी समजावून सांगायला नको. शेजारी रावेर-यावलला तापीच्या पाण्यावर केळी डोलतात आणि आम्ही इकडे ढग मोजतो. म्हणून या परदेशी जमीनदाराचा प्रश्न मला लगेच आपला वाटला. भाताची एक वावही जमीन न अडवता, टेकडीच्या उतारावर, पडीक मातीत येईल असे दुसरे पीक कोणते?

उत्तर त्याला तोक्योत मिळाले. कात्सु काईशू हे त्या काळातले मोठे नाव. १८६० साली कानरिन मारू या जहाजातून अमेरिकेला जाऊन आलेले, आणि १८६८ साली एदो शहर रक्तपाताशिवाय सम्राटाच्या सैन्याच्या ताब्यात देण्याची बोलणी करणारे. कावाकामी घराण्याशी त्यांचा स्नेह होता. त्यांच्याच घरी या तरुणाला परदेशी वाइनची चव मिळाली, असे सांगतात. नवे सरकारही तेव्हा वाइनच्या मागे होते. तांदूळ खाण्यासाठी राहावा, दारूसाठी नासू नये, हा त्यामागचा हिशेब. १८७७ साली यामानाशीच्या एका कंपनीने दोन तरुणांना वाइन शिकायला थेट फ्रान्सला धाडले होते. त्यांपैकी एक त्सुचिया रयूकेन. कावाकामी त्यांच्याकडे जाऊन शिकला, गावी परतला आणि मग बाग मोडली. या मळ्याचे नाव इवानोहारा.

पुढची तीस वर्षे म्हणजे अपयशांची लांबलचक यादी आहे. ती सगळी सांगत नाही. देशोदेशींच्या शेकडो जाती त्याने मागवल्या. युरोपातल्या नाजूक जाती त्या दमट हवेत सडल्या. अमेरिकेतल्या काटक जाती तगल्या, पण त्यांच्या वाइनला उग्र वास. १८९३ साली पहिली वाइन निघाली आणि ती बिघडली. कारण साधे होते. रस आंबताना स्वतःच तापतो, आणि तो फार तापला की वाइन नासते. शीतयंत्रे तेव्हा कुठली?

इथे या माणसाची खरी हुशारी दिसते. ज्या बर्फाने त्याच्या मुलखाचा जीव नकोसा केला होता, त्यालाच त्याने कामाला लावले. १८९५ साली दगडी तळघर बांधले, १८९८ साली दुसरे, आणि त्याला लागून बर्फाची खोली. हिवाळ्यातला बर्फ तिथे भरून ठेवायचा आणि त्याच्या गारव्यात वाइन थंड राखायची. बर्फ फुकटचा, आणि तो भरायला रिकाम्या दिवसांत मजुरीला येणारी कुळेही होतीच. आपल्याकडे माठ आणि वाळ्याचे पडदे वापरणाऱ्यांना यातले मर्म चटकन कळेल. वाइन सुधारली. १९०२ साली तर युवराज, म्हणजे पुढचे तैशो सम्राट, मळा बघायला आले.

पण युवराज येऊन गेल्याने कर्ज फिटत नाही. जपानी माणसाला तुरट वाइन आवडेना. बाजारात खपत होती ती साखर घातलेली गोड वाइन. कावाकामी आपला शुद्ध वाइनच करत राहिला आणि त्यासाठी जमीन विकत राहिला. पिढ्यांची भातशेती तुकड्यातुकड्याने गेली. घरच्यांचे काय झाले असेल? चरित्रकार या प्रश्नावरून जरा घाईने पुढे जातात. मला तो सोडवत नाही. कुळांच्या भल्यासाठी सुरू केलेल्या उद्योगात कुळे कसत असलेली जमीनच विकली गेली, ही गोष्टही त्याला टोचली असणार. त्याची हिंमत मोठी होती, पण तिची किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून गेली नाही, असे माझे मत आहे.

१९२२ साली, चोपन्नाव्या वर्षी, बहुतेक माणसे हिशेब मिटवायला बसतात तेव्हा, त्याने नवाच खेळ मांडला. जगात आपल्याजोगे द्राक्ष नसेल तर ते आपणच तयार करायचे. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तोवर जगापुढे आले होते. काम कसे चालते ते आपल्या कापूसवाल्यांना नवीन नाही. सुरतच्या डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली जगातला पहिला संकरित कापूस दिला, त्याच्या बीजोत्पादनात बाया फुलातले पुंकेसर हाताने खुडतात आणि दुसऱ्या जातीचे पराग लावतात, तेच हे. फक्त द्राक्षाचे फूल मोहरीच्या दाण्याएवढे. बी धरले की पेरायचे, रोप वाढवायचे, फळ येईपर्यंत काही वर्षे थांबायचे, मग त्याची वाइन करून बघायची. बहुतेक वेळा ते उपटून फेकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. असे १०,३११ संकर त्याने केले. त्यांतून निवडल्या जाती २२. साधारण चारशे सत्तरात एक!

१९२७ साली त्याने बेली या जातीवर मस्कट हँबर्गचे पराग लावले. बेली ही टेक्सासमधल्या मन्सन नावाच्या संशोधकाची जात, रानटी अमेरिकी वेलींचे रक्त असलेली, रोगाला दाद न देणारी. मस्कट हँबर्ग युरोपातली, सुवासिक पण नाजूक. १९३१ साली त्या रोपाला पहिली फळे लागली, आणि दोघांचेही गुण त्यांत उतरले होते. स्ट्रॉबेरीचा तो वास अमेरिकी आजोळचा.

तोवर मळा कर्जात बुडाला होता. धावून आला तो योगायोग. त्याच भागातले, किण्वनशास्त्राचे थोर अभ्यासक साकागुची किनइचिरो तोक्योच्या विद्यापीठात होते. गोड वाइन विकून श्रीमंत झालेले तोरिई शिंजिरो यांना चांगल्या द्राक्षांची गरज होती. (त्यांच्याच दुकानाची पुढे सनटोरी कंपनी झाली.) साकागुचींनी दोघांची गाठ घालून दिली. १९३४ साली तोरिईंनी मळ्यात भागीदारी घेतली आणि देणी मिटली. ज्या गोड वाइनने कावाकामीची वाइन बाजारात खपू दिली नाही, तिच्याच पैशाने त्याचा मळा वाचला. त्याला हे कसे वाटले असेल कोण जाणे. पण काम चालू राहिले. १९४० साली, बहात्तराव्या वर्षी, त्याने आपल्या सगळ्या संकरांचा अहवाल उद्यानशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि १९४१ साली जपानचा कृषिशास्त्राचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. तो कुठल्या विद्यापीठातला नव्हता, सरकारी अधिकारीही नव्हता.

तोवर युद्ध पेटले होते. वाइनच्या पिंपात तळाला जे स्फटिक साचतात, त्यांपासून पाण्याखालच्या पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्या यंत्रांसाठी लागणारे क्षार होतात. त्यामुळे नौदलाला वाइन एकदम हवीशी झाली. चवीचे कुणाला पडले नव्हते. अशा दिवसांत, २१ मे १९४४ रोजी, कावाकामी वारला.

युद्धानंतर जपानमध्ये जमीनसुधारणा झाल्या आणि बड्या जमीनदारांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. आपल्याकडे मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसेल त्याची जमीन झाली, तसेच. म्हणजे त्याने भातशेती राखली असती तरी ती घराण्यात टिकती ना. द्राक्षापायी उधळली म्हणून गावाने ज्या जमिनीचा हिशेब मांडला असेल, ती जाणारच होती. द्राक्ष राहिले. आज जपानमध्ये तांबड्या वाइनसाठी सर्वांत जास्त लावली जाणारी जात मस्कट बेली ए हीच आहे. २०१३ साली तिची पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेकडे नोंद झाली. २०१८ पासून तर जपानी वाइन हे नाव लावायचे असेल तर द्राक्षे जपानमध्येच पिकलेली हवीत, असा तिकडे नियम आहे. आपल्या नाशिककडे वाइनच्या द्राक्षांचे मांडव उभे राहिले ते गेल्या तीसेक वर्षांत, आणि राज्याचे त्याबाबतचे धोरण आले २००१ साली. जाती बहुतेक फ्रान्सच्याच. आपल्या हवेसाठी घडवलेल्या जातीमागे कुणी दहा हजार संकर करत बसेल का, हे मी नाशिककरांनाच विचारतो.

कावाकामी गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, २६ फेब्रुवारी १९४५ रोजी, ताकादाला ३७७ सेंटिमीटर बर्फ साचला. तेथल्या हवामान केंद्राच्या नोंदीतला तो उच्चांक आहे. वेल त्याखाली गाडले गेले आणि उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा फुटले. इवानोहाराच्या दुसऱ्या दगडी तळघरात पिंपे आजही रांगेने लावलेली आहेत, आणि त्यांच्या गारव्यासाठी हिवाळ्यात बर्फ भरून ठेवतात.