जिंकूनही चषक न मिळालेले वेंडेल स्कॉट

अमेरिकेत 'स्टॉक कार' नावाची मोटारशर्यत फार लोकप्रिय आहे. दुकानात विकायला ठेवलेली मोटार जशीच्या तशी मैदानात उतरवायची, ही तिची मूळ कल्पना. चोरून गाळलेली दारू रात्री-अपरात्री पोलिसांना हुलकावणी देत पोचवणारे दक्षिणेकडचे ड्रायव्हर तिच्या पहिल्या खेळाडूंपैकी होते. १९४८ साली बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने 'नॅस्कार' ही संस्था निघाली आणि या खेळाला नियम आले. मात्र मैदानाच्या दाराशी उभा असलेला वर्णद्वेष कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेला नव्हता. तो लिहावा लागत नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

वेंडेल स्कॉट यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील गोऱ्या धनिकांच्या घरी ड्रायव्हर आणि मेकॅनिक होते. यंत्राची ओळख वेंडेल यांना तेथूनच झाली. शाळा अर्धवट सुटली, मग टॅक्सी चालवली. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यातून युरोपात गेले. लोकशाहीसाठी लढणाऱ्या त्या सैन्यातही काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. परत आल्यावर त्यांनी गॅरेज काढले. सात मुलांचा संसार होता. गॅरेजच्या जोडीला दारूची वाहतूकही केली आणि त्यात एकदा पकडलेही गेले. ही गोष्ट आम्ही लपवत नाही. त्याच धंद्यातून आलेले गोरे ड्रायव्हर पुढे या खेळाचे नायक म्हणून मिरवले, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

१९५२ साली डॅनव्हिलच्या शर्यतींना गर्दी जमेना. तेव्हा आयोजकांनी एखादा काळा ड्रायव्हर उतरवायचे ठरवले. हेतू समतेचा नव्हता, गल्ल्याचा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली, आणि ज्याला पकडणे सर्वांत अवघड जाते त्या स्कॉट यांचे नाव पुढे आले. असे ते मैदानात उतरले. प्रेक्षकांतून शिव्या आल्या. पुढे नॅस्कारच्या शर्यतीला गाडी घेऊन गेले, तर रंग पाहून परत पाठवले गेले. तरी ते जात राहिले, परवाना मिळवला आणि १९५९ साली व्हर्जिनियाचे राज्य विजेतेपद जिंकले. १९६१ पासून ते 'ग्रँड नॅशनल' या सर्वोच्च मालिकेत धावू लागले.

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, १०० मैलांची शर्यत. अखेरच्या २५ फेऱ्या उरल्या असता स्कॉट यांनी रिचर्ड पेटी यांना मागे टाकले. २०० फेऱ्या पूर्ण झाल्या, तरी विजयाचा झेंडा हलला नाही. स्कॉट धावतच राहिले. विजेता म्हणून बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरचे नाव पुकारले गेले आणि चषक त्यांनाच मिळाला. काही तासांनी अधिकाऱ्यांनी मान्य केले की स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे होते. मोजणीत चूक झाली. तोपर्यंत प्रेक्षक घरी गेले होते. चषक देण्यासाठी गोरी सौंदर्यवती उभी होती. तिने काळ्या माणसाच्या गालाचे चुंबन घ्यावे, हे आयोजकांना नको होते, असे स्कॉट यांना वाटत असे.

याच काळात खेळ बदलत होता. १९५९ साली डेटोना येथे अडीच मैलांचा डांबरी ट्रॅक झाला. मोटार कंपन्यांचा पैसा आला. १९७० नंतर पन्नास वर्षे मुख्य मालिकेची एकही शर्यत मातीवर झाली नाही. १९७१ साली सिगारेट कंपनीने सगळी मालिकाच पुरस्कृत केली. शर्यत ड्रायव्हरइतकीच भांडवलाची झाली. स्कॉट यांच्यामागे कोणतीही मोठी कंपनी उभी राहिली नाही. जुन्या गाड्या, स्वतः जुळवलेले इंजिन आणि मदतीला घरची मुले, एवढ्या बळावर त्यांनी १९६६ साली गुणतक्त्यात सहावे स्थान मिळवले. एकूण ४९५ शर्यती ते धावले आणि १४७ वेळा पहिल्या दहांत आले. पूर्वी दार रंग पाहून बंद होत असे. आता ते पैसा पाहून उघडू लागले. ज्यांना पिढ्यान्पिढ्या पैशापासून दूर ठेवले, त्यांच्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच.

१९७३ साली टॅलाडेगा येथील भीषण अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि त्यांची कारकीर्द जवळजवळ तेथेच संपली. २३ डिसेंबर १९९० रोजी डॅनव्हिल येथे त्यांचे निधन झाले.

नंतर सन्मान आले. २०१५ साली नॅस्कारच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. तो मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. २०२० साली गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या झेंड्यावर शर्यतींच्या ठिकाणी बंदी आली. ऑगस्ट २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक नॅस्कारने स्कॉट कुटुंबाला दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बबा वॉलेस यांनी त्याच टॅलाडेगाच्या ट्रॅकवर शर्यत जिंकली. सर्वोच्च मालिकेत स्कॉट यांच्यानंतर जिंकलेले ते पहिले कृष्णवर्णीय ड्रायव्हर. मध्ये जवळपास ५८ वर्षे गेली.

हे सन्मान आम्ही नाकारत नाही. पण मेलेल्या माणसाला चषक देणे सोपे असते. जिवंतपणी त्याला चांगली गाडी, चांगले टायर आणि इतरांइतकीच संधी देणे अवघड असते, कारण त्यासाठी आपल्या ताब्यातले काही सोडावे लागते. कोणतीही संस्था जेव्हा आमच्या महापुरुषांच्या तसबिरीला हार घालते, तेव्हा आपण हार मोजू नये. तिच्या मैदानात आज आपली किती मुले धावत आहेत, ते मोजावे.