इतालो काल्व्हिनो

इतालो काल्व्हिनो (१५ ऑक्टोबर, १९२३ - १९ सप्टेंबर, १९८५) हे विसाव्या शतकातील एक अग्रगण्य इटालियन कथाकार, कादंबरीकार व निबंधकार होते. लोककथांचे संकलन, अद्भुतरम्य कादंबऱ्या आणि कथनाच्या रचनेविषयीचे प्रयोग यांसाठी ते ओळखले जातात. भविष्यकथनासाठी वापरल्या जाणाऱ्या टॅरोच्या पत्त्यांचा कथा रचण्याचे साधन म्हणून त्यांनी केलेला उपयोग हा त्यांच्या प्रयोगांपैकी सर्वांत दीर्घ आणि त्यांना सर्वाधिक झगडायला लावणारा प्रयोग होता.

बालपण आणि शिक्षण

काल्व्हिनो यांचा जन्म क्यूबामधील हवानाजवळच्या सान्तियागो दे लास व्हेगास येथे झाला. वडील मारिओ हे कृषितज्ज्ञ, तर आई एवा मामेली या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. १९२५ मध्ये हे कुटुंब इटलीत परतले आणि सानरेमो येथे स्थायिक झाले.

अक्षरओळख होण्यापूर्वी काल्व्हिनो 'कोरिएरे देइ पिक्कोली' या बालसाप्ताहिकातील चित्रमालिका तासन् तास पाहत असत. चित्रांखालचे पद्य वाचता येत नसल्यामुळे ते चित्रांचा क्रम मनाशी जुळवून स्वतःच गोष्टी रचत, आणि एकाच चित्राचे दर वेळी निराळे अर्थ लावत. टॅरोच्या चित्रांतून कथा काढण्याच्या आपल्या पद्धतीचे मूळ या छंदात असल्याचे त्यांनी उत्तरायुष्यात नमूद केले आहे.

घराण्याच्या परंपरेनुसार त्यांनी १९४१ मध्ये तुरीन विद्यापीठात कृषिशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते धाकटा भाऊ फ्लोरिआनो याच्यासह फॅसिस्टविरोधी सशस्त्र लढ्यात सामील झाले. मुले भूमिगत असताना आईवडिलांना ओलीस ठेवण्यात आले होते. युद्धानंतर काल्व्हिनो यांनी कृषिशास्त्र सोडले आणि जोसेफ कॉनरॅड यांच्यावर प्रबंध लिहून १९४७ मध्ये साहित्याची पदवी मिळवली.

लेखनाचा आरंभ

तुरीनमधील एइनाउदी या प्रकाशनसंस्थेत काम करताना चेझारे पावेझे व एलिओ व्हित्तोरिनी या लेखकांचा सहवास त्यांना लाभला. युद्धातील अनुभवांवर आधारलेली त्यांची पहिली कादंबरी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे ते वास्तववादापासून दूर जाऊन अद्भुताकडे वळले. १९५२ ते १९५९ या काळात आलेल्या तीन कादंबऱ्यांचे नायक अनुक्रमे दोन तुकडे झालेला सरदार, आयुष्यभर झाडांवर राहणारा उमराव आणि रिकाम्या चिलखतातून वावरणारा अस्तित्वहीन योद्धा असे आहेत. हंगेरीतील १९५६ च्या घटनांनंतर त्यांनी १९५७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचा राजीनामा दिला.

१९५६ मध्ये त्यांनी इटलीच्या विविध बोलींतील २०० लोककथा निवडून प्रमाण इटालियन भाषेत पुनर्कथित केल्या. मोजक्या प्रसंगांच्या व पात्रांच्या फेरजुळणीतून असंख्य कथा कशा निर्माण होतात, हे या कामातून त्यांच्या ध्यानी आले. १९६४ मध्ये त्यांचा विवाह अर्जेंटिनाच्या अनुवादिका एस्तेर सिंगर यांच्याशी झाला. १९६७ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे गणिती नियमांची बंधने घालून साहित्यनिर्मिती करणाऱ्या 'उलिपो' या गटाशी त्यांचा संबंध आला; १९७३ मध्ये ते या गटाचे सदस्य झाले.

टॅरोवर आधारित लेखन

टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत रूढ झालेला पत्त्यांचा खेळ होय. त्याच्या कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. प्याला, नाणे, तलवार व दंडा या चार रंगांचे प्रत्येकी १४ पत्ते आणि त्यांखेरीज २२ स्वतंत्र चित्रपत्ते अशी त्यांची विभागणी असते. भविष्य पाहण्यासाठी त्यांचा वापर अठराव्या शतकात प्रचलित झाला.

१९६८ मध्ये उर्बिनो येथील एका परिसंवादात भविष्य सांगण्यामागील कथनपद्धतीविषयी विचार मांडले गेले. पत्त्याचा अर्थ त्याच्या शेजारच्या पत्त्यांवरून ठरतो, ही कल्पना काल्व्हिनो यांना महत्त्वाची वाटली. भविष्यकथनाचे रूढ संकेत त्यांनी बाजूला ठेवले आणि ही चित्रे प्रथमच पाहणाऱ्या माणसाच्या नजरेने ते त्यांच्याकडे पाहू लागले. आरंभी त्यांनी मार्सेय येथील लोकप्रिय छापील कॅट घेतला. मात्र त्यातून मनासारखी रचना साधेना.

त्याच सुमारास प्रकाशक फ्रांको मारिया रिच्ची यांनी मिलानच्या ड्यूक घराण्यासाठी रंगवलेल्या व्हिस्कोन्ती पत्त्यांवरील ग्रंथासाठी त्यांच्याकडे लेखन मागितले. बोनिफाचो बेंबो या चित्रकाराचे मानले जाणारे हे पत्ते बेर्गामो आणि न्यूयॉर्क येथे विभागले गेले आहेत. या चित्रांतील दरबारी जग मार्सेयच्या कॅटहून वेगळे होते. आरिओस्तो या कवीच्या 'ओर्लान्दो फुरिओझो' या महाकाव्याशी त्या जगाचे नाते जाणवताच रचनेची किल्ली काल्व्हिनो यांच्या हाती आली. हा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

'इल कास्तेल्लो देइ देस्तीनी इंक्रोचाती', म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या प्राक्तनांचा किल्ला, हे या कृतीचे नाव होय. अरण्य ओलांडून किल्ल्यात आलेल्या प्रवाशांची वाचा गेलेली असते. प्रत्येक जण पत्ते मांडून आपली हकिकत सांगतो आणि निवेदक तिचा अर्थ लावतो. शब्दकोड्याप्रमाणे आडव्या व उभ्या ओळी परस्परांना छेदतात. त्यामुळे एकच पत्ता अनेकांच्या कथांत निरनिराळे अर्थ धारण करतो. ओळ उलट दिशेने वाचल्यासही नवी कथा मिळते. समासात त्या त्या पत्त्याचे चित्र छापलेले आहे. मूळ कॅटमधील 'सैतान' व 'मनोरा' हे पत्ते हरवलेले असल्याने त्यांच्या उल्लेखापाशी मात्र चित्र नाही.

या यशानंतर काल्व्हिनो पुन्हा मार्सेयच्या कॅटकडे वळले. त्यातून सराईत घडणारा दुसरा भाग रचण्याचा त्यांनी प्रयत्न केला. हॅम्लेट, मॅकबेथ, लियर व फाउस्ट यांच्या कथा त्यांना पत्त्यांत दिसल्या. परंतु सर्व कथा सामावून घेणारा नेटका चौकोन काही केल्या जुळला नाही. त्यांनी आकृत्या काढल्या, नियम बदलले, काम सोडले आणि काही काळाने पुन्हा हाती घेतले. हा ध्यास सुटावा म्हणूनच अखेर त्यांनी दोन्ही भाग १९७३ मध्ये एकत्र प्रकाशित केले आणि ही धडपड जोडटिपणात मोकळेपणाने नोंदवली. त्यामुळे किल्ल्याच्या भागातील रेखीव मांडणी सराईच्या भागात आढळत नाही. चित्रमालिकांच्या तुकड्यांवरून कथा सांगणाऱ्या, मोटेलमध्ये अडकलेल्या लोकांचा तिसरा भागही त्यांच्या मनात होता. तो कल्पनेपुरताच राहिला. विल्यम वीव्हर यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

याच काळात, १९७२ मध्ये, त्यांची 'ले चित्ता इन्व्हिझीबिली' (अदृश्य नगरे) ही कादंबरी आली. १९७९ मध्ये आलेल्या कादंबरीत त्यांनी वाचकालाच नायक केले. १९८० मध्ये ते रोमला परतले. हार्वर्ड विद्यापीठात द्यावयाच्या सहा व्याख्यानांची तयारी करत असताना सप्टेंबर १९८५ मध्ये त्यांना मेंदूतील रक्तस्राव झाला आणि सिएना येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. कास्तिल्योने देल्ला पेस्काया येथे त्यांचे दफन करण्यात आले. पाच व्याख्याने लिहून पूर्ण झाली होती. सहावे लिहायचे राहून गेले. ती पाच व्याख्याने १९८८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शब्दांआधी चित्र पाहून कथा रचण्याच्या क्षमतेचा विचार त्यांपैकी 'दृश्यमानता' या व्याख्यानात आला आहे.